रडका, भांडखोर आणि पळपुटा

काल तू फोनवर अकरा मिनिटं बोललीस. घड्याळ बघून सांगते आहे. चार मिनिटं बापाशी, तीन आईशी, दोन त्या शिंप्याशी. तो आपला कोण लागतो, तर भिंतीपलीकडे त्याचं मशीन चालतं, एवढंच. एक मिनिट तुझा बाप कुणालाच फोन न देता 'आता येतंय का, आता येतंय का' करत दारात हिंडला. उरलं एक, ते माझं. त्या एका मिनिटात तू तीनदा विचारलंस, आजी, ऐकू येतंय का. मी तीनदा सांगितलं, येतंय. मग तू काहीतरी लांबलचक बोललीस, मी म्हटलं, हो हो, आणि घरातले सगळे फिदीफिदी हसले. मागाहून कळलं, तू विचारलं होतंस की मी नसताना दुकानात पाणी कोण भरतं. हो हो भरतं! म्हाताऱ्या माणसाला असं चारचौघांत तोंडघशी पाडायचं असेल तर फोन करावाच कशाला? फोन खराब आहे तो. बापाला म्हटलं, बदल. तर म्हणाला, आई, नवाच आहे.

प्रिय भिंगरी,

राग गेलेला नाही, पण पत्राला वर नाव लागतं म्हणून लिहिलं. 'प्रिय' लिहिताना तो पायातला र नक्की कुठे द्यायचा यात माझी दहा मिनिटं आणि एक कागद गेला, तेव्हा त्या शब्दाची किंमत ठेव. अक्षराला हसू नकोस. मी तिसरीपर्यंत शिकले. चौथीच्या वर्गात गेले ती मास्तरांचे इस्त्री केलेले कपडे पोचवायला. पुढचं सगळं लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या: 'डॉक्टर, कोट दोन, बटण तुटकं आमच्याकडे नाही तुटलं.' एवढं लांब मी जन्मात पहिल्यांदा लिहिते आहे, आणि कपडे गुंडाळायच्या खाकी कागदावर लिहिते आहे, कारण पांढऱ्या कागदावर माझा हात सरकतो.

पत्र तुझी मैत्रीण शिडी आणते आहे. पासपोर्टवर तिची जन्मतारीख चुकून ती स्वतःच्या आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी निघाली होती, ती भानगड काल एकदाची मिटली. उद्या सकाळच्या विमानानं येते, परवा तुमच्यात असेल. तू, तुझी ती वहीवाली मैत्रीण कारकून आणि तुमच्या विज्ञानाच्या बाई परदेशातल्या त्या स्पर्धेला पुढे गेलात आणि ही मागे राहिली, तर पाच दिवस माझ्या दुकानात बसून रडली. मी म्हटलं, रडतेस कशाला, एवढी उंच आहेस, टाचा वर केल्यास तर इथूनच सगळं दिसेल. तर आणखी रडली. हल्लीच्या पोरींना धीर देणंही सोपं राहिलेलं नाही.

शिडीवर माझा भरवसा आहे, तिच्या बोटांवर नाही. म्हणून पाकीट चिकटवलं नाही, शिवलं आहे, कपड्यांना चिठ्ठी लावतो त्या दोऱ्यानं, दुहेरी. टाका उसवलेला दिसला तर आधी तिचा कान धर, मग वाच. आणि एकटीनं वाच. बाईंसमोर नको. कारकुनीसमोर तर मुळीच नको, ती पोरगी शिंक आली तरी वहीत उतरवते.

आता शनिवारचं बोलू. बाईंचा फोन आला, बापानं तो साऱ्या गल्लीला सांगितला, त्या गल्लीत मीही होते म्हणून मला कळलं. साठ देशांतली पोरं जमलीत, प्रत्येकाला भिंतीचा एकेक तुकडा दिलाय, त्यावर आपापला तक्ता. तुमच्या तक्त्यापुढे सगळ्यांत गर्दी. परीक्षक दोनदा येऊन वाचून गेले. आणि येत्या शनिवारी तुम्हाला मोठ्या सभागृहात व्यासपीठावर बोलावणार, आणि मागे भिंतीएवढ्या पडद्यावर, आपल्या दुकानातून, मी. डोळे झाकलेली. इस्त्रीच्या तळावर थेंब टाकणार आणि नुसत्या आवाजावरून सांगणार, तळ रेशमाला झाला, लोकरीला झाला की सुतीला. तक्त्यावर तुम्ही लाल अक्षरांत लिहिलंच आहे, 'डोळे बांधून, केवळ आवाजावरून, चाळीसपैकी अडतीस बरोबर.' तेच सगळ्यांदेखत करून दाखवायचं. जमलं तर तुमचा पहिला नंबर कुठे जात नाही, असं बाई म्हणाल्या. न जमलं तर काय होईल, ते बाई म्हणाल्या नाहीत. ते मी सांगणार आहे. म्हणून हे पत्र शनिवारच्या आत तुझ्या हातात पडायला हवं.

इथे तयारी काय चालली आहे ते बघायला तू हवी होतीस. तुझ्या बापानं दुकानात सहा दिवे लावलेत. अकरा वर्षं झाली, इस्त्रीच्या बटणावरचे आकडे पुसले गेलेत, बटण बदलून दे म्हणून मी घसा कोरडा करते आहे. स्वतः वायरमन, लोकांच्या घरी जिन्यातसुद्धा झुंबर लावून येतो, पण आईचं बटण म्हटलं की वेळ नाही. आता मात्र पडद्यावर दुकान दिसायचं म्हणून माझ्या टेबलाला रंग दिला. तो ओला असताना मी त्यावर वकिलाची पँट ठेवली. वकील आता आपल्याकडे येत नाहीत. शिंप्यानं स्वतःची पाटी उतरवून बरोबर माझ्या डोक्यामागे टांगली. मी काढली. त्यानं पुन्हा टांगली. मी पुन्हा काढली. शेवटी ती उलटं तोंड करून टांगायची, असं ठरलं. आता तो म्हणतो, निदान मागच्या बाजूलाही नाव लिहू का.

आणि त्या परीक्षकांनी कळवलं आहे की डोळ्यांवर कापडाची पट्टी चालणार नाही, पट्टी सैल बसते. काहीतरी घट्ट हवं. मग तुझ्या बापानं पोहायचा चष्मा आणला आणि त्याच्या दोन्ही काचांवर तारेला लावायची काळी चिकटपट्टी तीन पदरी लावली. मी घालून बघितला. बेडकासारखी दिसते म्हणे मी, ते जाऊ दे. पण भिंगरी, त्यातून काही म्हणजे काही दिसत नाही.

तुला आठवतं का, हे सगळं सुरू कसं झालं? बाई आपली रेशमी साडी घेऊन आल्या होत्या, कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. तू दप्तर टाकून कोपऱ्यात बसली होतीस, स्पर्धेला विषय सुचत नाही म्हणून तोंड पाडून. मी नेहमीसारखी इस्त्री उलटी धरली, वाडग्यात बोटं बुडवली, तळावर थेंब उडवला. बाईंनी विचारलं, हे काय करता? मी म्हटलं, बटण मुकं झालंय, म्हणून थेंबाला विचारते. मग त्यांना तिन्ही थेंब दाखवले. तळ नुकता तापला की थेंब पडल्या जागी बसकण मारतो, बारीक सुरात सीं सीं रडतो आणि रडत रडत संपतो. तो रडका, रेशमाचा. आणखी तापला की थेंब टेकताक्षणी चर्र करून उसळतो, तडतडतो, चहूकडे थुंकतो. तो भांडखोर, लोकरीचा. आणि त्याहूनही तापला की थेंब तळाला टेकतच नाही, मोत्यासारखा गोल होऊन पळत सुटतो आणि कडेवरून उडी टाकतो. तो पळपुटा, सुतीचा. त्याला आवाज नाही.

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. म्हणाल्या, म्हणजे जास्त तापलेल्या तळावर पाणी जास्त टिकतं? मी म्हटलं, टिकेल नाहीतर काय, स्वतःच्याच वाफेची गादी करून वर बसतं ते. बाई म्हणाल्या, याला शास्त्रज्ञांनी मोठं नाव दिलंय. मी म्हटलं, असेल, आमच्या सासूबाईंनीही दिलंय. नंतर बाईंना आमची नावं काही पटेनात, 'पहिली अवस्था, दुसरी अवस्था' असं लिहा म्हणाल्या, आणि तू पाय आपटून अडून बसलीस की नावं राहतील तर हीच राहतील. आता म्हणे तिकडे चार देशांची पोरं जेवणाच्या रांगेतून कुणी निसटलं की 'पळपुटा, पळपुटा' म्हणून ओरडतात. चांगलं आहे. फक्त सासूबाईंनी तो शब्द सासऱ्यांवरून काढला होता, तेवढं तक्त्यावर लिहू नका.

तर त्या दिवशी तीन थेंब दाखवून मी गप्प बसायला हवं होतं. पण बाईंसारखी शिकलेली बाई माझ्याकडे आ वासून बघते आहे म्हटल्यावर मला चेव आला. म्हटलं, बाई, मला तर बघावंही लागत नाही. हात इस्त्रीवर, डोळे पुढच्या कपड्यावर, नुसत्या आवाजावर चाळीस वर्षं काम केलंय. कारकून तिथे होतीच. तिनं वहीत उतरवलं. आणि तू कोपऱ्यातून उडी मारून उठलीस, की हाच माझा विषय. तुझ्या तोंडावर तेव्हा जे काही होतं ते बघून मी शब्द मागे घ्यायला हवा होता. मी बाईंना चहा विचारला.

मग ते तीन रविवार. शिडी स्टुलावर बसून बटण फिरवायची. तू तापमान मोजायचं ते पिस्तूल तळावर रोखायचीस. कारकून आकडा लिहायची. इस्त्री दोन विटांमध्ये उलटी ठेवलेली, आणि समोर मी, डोळ्यांना तुझ्या आईच्या ओढणीची चौपदरी पट्टी. पट्टी तू स्वतः बांधलीस, घट्ट, केस ओढले गेले माझे. मी थेंब टाकायची, मान मागे करायची, जरा थांबायची आणि सांगायची, रडका. भांडखोर. पळपुटा. तुम्ही टाळ्या वाजवायच्या.

आता ऐक, आणि मध्ये थांबू नकोस. पट्टी कितीही घट्ट बांध, नाकापाशी ती टेकत नाही. माझं नाक तुला ठाऊक आहे, तुझंही तेच आहे, आरशात बघ. नाकाच्या दोन्ही अंगांनी खाली बोटभर फट राहते, आणि मान जराशी मागे केली की त्या फटीतून बरोबर इस्त्रीचा तळ दिसतो. चाळीसच्या चाळीस थेंब मी डोळ्यांनी बघितले. ऐकला एकही नाही. चाळीसही बरोबर सांगता आले असते, पण चाळीसपैकी चाळीस म्हटल्यावर कुणाच्याही मनात पाल चुकचुकेल, म्हणून दोन मुद्दाम चुकवले. अठरावा आणि एकतिसावा. अठराव्याला तू एवढी हळहळलीस की एकतिसावा सोडून द्यावा असं वाटलं होतं. पण ठरवलं होतं ते केलं. लबाडी करायची तर ती तरी नीट करावी.

का केली, ते सांगते. मला थेंब ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. आधी रडका गेला. एका सकाळी तो रडेनासाच झाला, मला वाटलं पाणी बदललं असेल. मग दारावरची घंटा गेली. मग शिंप्याचं मशीन बंद पडलंय असं वाटून मी त्याला विचारलं, दुरुस्त कधी करणार, तर तो पठ्ठ्या माझ्यासमोर पाय हलवत ते चालवत होता. त्याला वाटलं मी त्याच्या कामाला टोमणा मारला, महिनाभर बोलला नाही. मला ते बरंच पडलं, तेवढंच कमी ऐकावं लागलं.

आणि गाणं शिकवणाऱ्या बाईंचा तो रेशमी रुमाल. तो जळला तेव्हा तू नववीत होतीस, तुला घरातला गोंधळ आठवत असेल. मी थेंब टाकला, आवाज नाही. म्हणजे तळ अजून थंड आहे, असं धरून चालले. मध्ये गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी हुज्जत झाली, मग पुन्हा थेंब टाकला, न बघता, सवयीनं. पुन्हा आवाज नाही. म्हटलं, आज ही इस्त्री मेली की काय, आणि रुमालावर टेकवून बघितली. ती मेलेली नव्हती. थेंब रडून, भांडून कधीच पळपुट्यावर गेला होता. रुमालाच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचं भोक. आणि मी काय केलं, तर तुझी आई तेवढ्यात पाणी ठेवून गेली होती, तिच्यावर ढकललं. जाता जाता तुझ्या हाताचा धक्का लागून बटण फिरलं म्हटलं. ती बिचारी, बिचारी कसली, तिच्या तोंडाला तोंड देताना डॉक्टर घाबरतात, पण त्या दिवशी ती एक अक्षर बोलली नाही. त्या बाईंची माफीही तिनंच मागितली. तेव्हापासून मी प्रत्येक थेंब डोळ्यांनी बघते. दोन वर्षांत एक धागा जळालेला नाही. म्हणून कुणाला कळलं नाही. असं मला वाटत होतं.

परवा रविवारी दुपारी मी दुकानाची फळी ओढली आणि तुझ्या आईला आत बोलावलं. म्हटलं, बस, तुला एक सांगायचंय, मला कमी ऐकू येतं. ती म्हणाली, दीड वर्षं माहीत आहे. नर्स ती, दिवसभर वॉर्डात म्हाताऱ्यांच्या कानाशी ओरडते, तिला काय सांगायचं. मी म्हटलं, मग तू मला बोलली का नाहीस? म्हणाली, आई, तीनदा बोलले, तुम्हाला ऐकू आलं नाही. मग रुमालाचं सांगितलं. म्हणाली, तेही माहीत आहे. माझा हात बटणापर्यंत पोचतच नाही, मध्ये तुमचा दगडासारखा खांदा असतो. मला तिचा फार राग आला. खरं माहीत असताना दोन वर्षं गप्प बसणारी सून म्हणजे घरात उभी केलेली साक्षीदार. मी तिला म्हटलं, त्या बाईंकडे मी उद्या जाऊन सांगते. सोमवारी जाऊन सांगून आले. त्या काय म्हणाल्या ते मला नीट ऐकू आलं नाही, पण दार आपटलं नाही.

तर रविवारी मी तुझ्या आईला म्हटलं, तो बेडकाचा चष्मा घाल मला. कापूसही लाव नाकाशी. पुन्हा चाळीस थेंब टाकू. ती पिस्तूल धरायला आणि लिहायला बसली, बटणही तीच फिरवत होती, मला न सांगता, वर खाली, तुमच्या कारकुनीच्या यादीत होतं तसंच, तेरा लोकरीचे, तेरा सुतीचे, चौदा रेशमाचे. तिनं जीभ चावून धरली होती म्हणे, चुकून खूण नको म्हणून. मला कसं दिसणार? सांगितलं तिनं नंतर. पाऊण तास लागला. मी घामाघूम झाले. आयुष्यात कधी इस्त्रीची भीती वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. थेंब टाकला की नुसता काळोख आणि काही नाही. जणू थेंब पडलाच नाही. कुणी नसलेल्या घराचं दार वाजवत राहावं तसं.

चाळीसपैकी पंचवीस आले. भांडखोर तेराच्या तेरा बरोबर. भांडण मला अजून व्यवस्थित ऐकू येतं, तुझी आई म्हणाली यात शास्त्रज्ञांना सांगण्यासारखं नवीन काही नाही. राहिलेले सत्तावीस, रडका आणि पळपुटा, मला दोन्ही सारखेच, त्यात बारा बरोबर. नाणं उडवत बसले असते तरी तेवढे आलेच असते. मग चष्मा काढला, डोळे धुतले आणि आणखी चाळीस टाकले, उघड्या डोळ्यांनी. चाळीसपैकी चाळीस. या वेळी मुद्दाम एकही चुकवला नाही. दोन्ही कागद या पाकिटात आहेत, तुझ्या आईच्या अक्षरात, प्रत्येक थेंबापुढे पिस्तुलाचा आकडा, खाली तिची सही आणि माझी. माझी सही लांब झाली आहे, ती कागदाच्या बाहेर गेली तेव्हा उरलेली टेबलावर आहे, ओल्या रंगात.

बापाला यातलं काही सांगितलेलं नाही. त्याला सांगायचं म्हणजे दवंडी पिटायची. त्याला शनिवारी सगळ्यांबरोबर कळेल, भिंतीएवढ्या पडद्यावर. तेवढी शिक्षा त्याला बटणाबद्दल हवीच होती.

आता तू विचारशील की एवढी लबाड बाई आज अचानक साधू कशी झाली. झालेली नाही. मला सुटायच्या चिक्कार वाटा होत्या. ताप आला म्हणून पांघरूण घेऊन पडले असते. तुझ्या आईला सांगून चष्म्याच्या चिकटपट्टीला सुईनं भोक पाडलं असतं, तिनं पाडलं नसतं, पण मी पाडलं असतं. सुई घेतलीही होती, हे तुला म्हणून सांगते. पण गेल्या शनिवारी बाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी वर लिहायची टाळली. तो म्हातारा परीक्षक म्हणे तुला म्हणाला, मुली, तुझ्या आजीनं पट्टीखालून बघितलं नसेल कशावरून? आणि तू त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालीस, माझी आजी तोंडाची वाईट आहे, पण खोटी नाही. हे तुझ्या बापानं जेवताना तीनदा सांगितलं, मोठ्यानं, त्यामुळे तिन्ही वेळा मला स्वच्छ ऐकू आलं. ताटावरून तशीच उठले मी. शहाण्या पोरी, माझ्यासाठी परक्या माणसाला असा शब्द देऊन बसायचा नसतो, मला आधी विचारायचं असतं. पण दिलास ना, आता तो मला निस्तरायला हवा. हे पत्र त्यासाठी आहे. तक्ता फाडू नकोस, रडत बसू नकोस. ते लाल अडतीस एका रेघेनं काट, खालचा आकडा दिसेल असं, आणि शेजारी हे दोन कागद लाव. नंबर गेला तर गेला, तीन थेंब खरे आहेत, ते कुणाच्या बापाला खोटे पाडता यायचे नाहीत. शनिवारी मी पडद्यावर येणार, आधी चष्मा घालून सगळ्यांदेखत चुकणार आणि मग डोळे उघडून सगळे थेंब बरोबर सांगणार. आणि त्या म्हाताऱ्यानं किंवा आणखी कुणी विचारलं की पहिल्या वेळी असं का झालं, तर तू उत्तर द्यायचं नाहीस. बाईंनीही सांभाळून घ्यायचं नाही. प्रश्न सरळ माझ्याकडे पाठवायचा, मोठ्यानं, आणि त्याचं उत्तर मीच देणार.

तुझीच,
तोंडाची वाईट
आजी